नवोदयची एकच संधी

(दृश्य : द्राक्षबागांमधून जाणारा रस्ता. पुढे जवाहर नवोदय विद्यालयाचे प्रवेशद्वार.)

दिंडोरी तालुक्यातील खेडगाव येथे नाशिक जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीपासून बारावीपर्यंतच्या या निवासी शाळेत मुलांचे राहणे, जेवण, गणवेश आणि पाठ्यपुस्तके यांचा खर्च केंद्र शासन करते. नववीपासून काही विद्यार्थ्यांकडून विकास निधी म्हणून महिन्याला 600 रुपये घेतले जातात, पण मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना तोही माफ असतो. या शाळेच्या सहावीच्या वर्गात दरवर्षी जास्तीत जास्त 80 मुलांना प्रवेश मिळतो, आणि तो पाचवीत असताना दिलेल्या निवड परीक्षेतून मिळतो. 2011 च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाखांहून अधिक होती, आणि तिच्यातील चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यातील पाचवीच्या मुलांपैकी कोणाला या 80 जागांपर्यंत पोहोचता येते, हा या माहितीपटाचा विषय आहे.

नवोदय विद्यालयांची सुरुवात 1985-86 मध्ये दोन ठिकाणी झाली. एक विद्यालय हरियाणातील झज्जर येथे होते आणि दुसरे आपल्या महाराष्ट्रात, अमरावती येथे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या शाळांमागची भूमिका स्पष्ट केली. घरची परिस्थिती कशीही असो, ग्रामीण भागातील हुशार मुलाला उत्तम शिक्षण मिळाले पाहिजे, ही ती भूमिका होती. म्हणूनच आजही प्रत्येक नवोदय विद्यालयातील किमान 75 टक्के जागा जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींना दिल्या जातात. अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागा जिल्ह्यातील त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. मात्र त्या अनुक्रमे 15 आणि 7.5 टक्क्यांपेक्षा कमी असू शकत नाहीत, आणि दोन्ही मिळून 50 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाहीत. कागदावर ही रचना अत्यंत विचारपूर्वक केलेली आहे, आणि नाशिकसारख्या जिल्ह्याला तिची मोठी गरज आहे.

(दृश्य : सातपूर औद्योगिक वसाहत. पाळी सुटल्यावर सायकलींची आणि मोटारसायकलींची गर्दी.)

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम करणारे कितीतरी कामगार मूळचे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि दिंडोरी तालुक्यांतील आहेत. पडद्यावर दिसणारे वडील त्यांपैकीच एक आहेत. त्यांचे आईवडील आणि शेती गावाकडेच आहे. मुलगी तिसरीत गेली तेव्हा चांगले शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी तिला गावच्या जिल्हा परिषद शाळेतून काढून शहरातील शाळेत घातले. कोणत्याही जबाबदार पालकाने घेतला असता असाच तो निर्णय होता. मुलगी पाचवीत गेल्यावर एका सहकाऱ्याकडून त्यांना नवोदयची माहिती मिळाली आणि अर्ज भरताना त्यांच्यासमोर एक नियम आला. ग्रामीण जागांसाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली असावी लागतात. या तीन वर्षांत मूल एक दिवस जरी शहरी शाळेच्या पटावर असले, तरी ते शहरी उमेदवार धरले जाते. शहरी उमेदवाराला परीक्षा देता येते, पण त्याची स्पर्धा उरलेल्या खुल्या जागांसाठी होते, आणि त्या जागांवर ग्रामीण मुलांचाही गुणवत्तेने हक्क असतो.

हा नियम चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. तो नसता तर शहरातील शिकवणीवर्गांत तयार झालेल्या मुलांनी पाचवीपुरता गावाचा दाखला आणून या जागा घेतल्या असत्या, यात शंका नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. मूल तिसरीत असतानाच लागू होणारा हा नियम पालकांना सांगितला जातो तो मूल पाचवीत गेल्यावर. त्या वेळी मागे जाऊन काहीही बदलता येत नाही, कारण ही परीक्षा एकदाच देता येते. ज्या वर्षी मूल पाचवीत असते त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यातून आणि ठरलेल्या वयोमर्यादेत ती द्यावी लागते. वर्ष वाया घालवून पुन्हा पाचवीत बसलेल्या मुलाला ती देता येत नाही.

(दृश्य : चार वर्गांची जिल्हा परिषद शाळा. भिंतीवर पाढे, व्हरांड्यात चपलांची रांग.)

आता या शाळेकडे पाहू. आपल्या राज्यातील असंख्य प्राथमिक शाळांप्रमाणे ही शाळा पहिली ते चौथीपर्यंतची आहे. चौथीचा निकाल लागला की येथील मुले दाखला घेऊन जवळच्या मोठ्या गावातील माध्यमिक शाळेत पाचवीला जातात, काही आश्रमशाळेत जातात, तर काही नातेवाइकांकडे राहून शिकतात. चार वर्षे ज्या शिक्षकांनी मुलाची बुद्धी, त्याचे अक्षर आणि त्याच्या घरची अडचण जवळून पाहिली, त्यांच्या हातून मूल नेमके त्या जूनमध्ये सुटते. नव्या शाळेत एका वर्गात पाच-सहा गावांची मुले असतात. तेथील वर्गशिक्षकांना मुलांची नावे पाठ होईपर्यंत जुलै संपत येतो आणि नवोदयच्या अर्जाची मुदत तोवर सुरू झालेली असते. ज्या शिक्षकाला मूल माहीत आहे त्याच्याकडे आता ते शिकत नाही, आणि ज्याच्याकडे ते शिकते त्याला ते अजून माहीत नाही. अर्ज न भरलेल्या मुलांच्या पालकांशी बोलताना हीच कहाणी आम्ही पुन्हा पुन्हा ऐकली. मुलांमध्ये काही कमी होते म्हणून नव्हे, तर त्या दोन महिन्यांत त्यांना अर्ज भरायला सांगणारे कोणी नव्हते म्हणून ती मुले परीक्षेला बसली नाहीत.

या शाळेतील शिक्षकांनी त्यावर आपल्यापुरता उपाय शोधला आहे. चौथीचे दाखले देतानाच ते पालकांना नवोदयविषयी एक पान लिहून देतात. पुढे पाचवीच्या शाळेत फोन करून ते मुलांची नावे सांगतात, आणि अर्जाचे दिवस आले की संध्याकाळी गावात फेरी मारतात. हे त्यांच्या कामाच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही. असे शिक्षक जिल्ह्यात अनेक आहेत आणि त्यांच्याविषयी आम्हांला मनापासून आदर आहे. परंतु ज्या गावाला असा शिक्षक लाभत नाही त्या गावच्या मुलांचा यात काय दोष, हा प्रश्न तरीही उरतोच.

(दृश्य : तालुक्याच्या गावातील ई-सेवा केंद्र. दाराबाहेर पिशव्या घेऊन उभे असलेले पालक.)

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. तरीही तो भरण्यासाठी या मातेला द्राक्षबागेतील दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला यावे लागले. तिच्या पिशवीत मुलाचे आधार कार्ड आहे, छायाचित्र आहे आणि मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र आहे. हे प्रमाणपत्र म्हणजे या अर्जाचा कणा आहे. त्याचा नमुना आधी संकेतस्थळावरून छापून घ्यावा लागतो. त्यावर मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी कोणत्या शाळांत केली आणि त्या शाळा ग्रामीण भागात आहेत की शहरी, हे मुख्याध्यापकांनी प्रमाणित करायचे असते. नंतर ते प्रमाणपत्र, मुलाचे छायाचित्र, मुलाची सही आणि पालकांची सही यांच्या प्रतिमा ठरावीक आकारात, म्हणजे 10 ते 100 केबीच्या मर्यादेत, अर्जाला जोडाव्या लागतात. मुलाची शाळा चौथीनंतर बदललेली असल्याने या आईला आधी जुन्या शाळेतून तपशील आणावा लागला, मग नव्या शाळेत सही घ्यावी लागली आणि त्यानंतर ती येथे पोहोचली.

केंद्रचालकाच्या हातांकडे लक्ष द्या. तो एकामागून एक रकाने भरतो आहे, आणि यांतील दोन रकाने मुलाचे भवितव्य ठरवू शकतात. पहिला रकाना परीक्षेच्या माध्यमाचा आहे. तेथे मराठीऐवजी दुसरी भाषा निवडली गेली, तर प्रश्नपत्रिका त्या भाषेत येते. दुसरा रकाना प्रवर्गाचा आहे. इतर मागासवर्गीयांसाठीचे 27 टक्के आरक्षण केंद्राच्या यादीनुसार असते, राज्याच्या यादीनुसार नव्हे. राज्यात भटक्या जमातींच्या प्रवर्गात मोडणाऱ्या अनेक जाती केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गीयांमध्ये आहेत. सिन्नर, येवला आणि नांदगाव या तालुक्यांतील अनेक पालकांना आपल्या दाखल्यावरील प्रवर्ग या अर्जात सापडत नाही आणि ते गोंधळून खुला प्रवर्ग निवडून मोकळे होतात. मुदत संपल्यानंतर दुरुस्तीसाठी थोडे दिवस दिले जातात, आणि त्यांत प्रवर्ग, ग्रामीण-शहरी क्षेत्र आणि माध्यम यांसारख्या मोजक्या नोंदी बदलता येतात. मात्र आपल्या अर्जात चूक आहे हेच ज्याला कळलेले नसते, त्याला त्या दिवसांचा काय उपयोग? म्हणून प्रत्येक पालकाला आमची विनंती आहे की, अर्ज पाठवण्यापूर्वी केंद्रचालकाला तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे, त्याची छापील प्रत घ्यावी आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढे प्रवेशपत्र काढताना तोच क्रमांक आणि मुलाची जन्मतारीख लागते.

(दृश्य : पाचवीच्या वर्गात मुलांच्या हातांत कागदाच्या घड्या. आरसा धरलेली एक मुलगी.)

येथून पुढे मुलांचे काम सुरू होते. दोन तासांच्या या परीक्षेत 80 प्रश्न आणि 100 गुण असतात. त्यांतील निम्मे, म्हणजे 40 प्रश्न, मानसिक क्षमता चाचणीचे असतात, तर अंकगणित आणि भाषा यांचे प्रत्येकी 20 प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे शिक्षक मुलांच्या मनावर पहिल्या दिवसापासून बिंबवतात.

मानसिक क्षमता चाचणीत शब्द जवळजवळ नसतातच, सारा भर आकृत्यांवर असतो. चार आकृत्यांतून वेगळी आकृती ओळखायची असते, तशीच हुबेहूब जुळणारी आकृती शोधायची असते, अपुरी नक्षी पूर्ण करायची असते, मालिकेतील पुढची आकृती सांगायची असते आणि गुंतागुंतीच्या रेषांमध्ये लपलेला आकार हुडकायचा असतो. या मुलीने कागदाची आधी आडवी आणि मग उभी घडी घातली आहे. तिच्या मैत्रिणीने त्या घडीला कोपऱ्याजवळ छिद्र पाडले आहे. आता घडी उलगडण्यापूर्वीच तिला सांगायचे आहे की, उलगडल्यावर छिद्रे किती दिसतील आणि ती कोठे असतील. ती क्षणभर डोळे मिटते, बोटाने हवेत चार ठिपके दाखवते आणि मग कागद उलगडते. परीक्षेत कागद हाती मिळत नाही, केवळ त्याचे चित्र मिळते. म्हणूनच या शिक्षिका आधी महिनाभर खऱ्या कागदांवर हा सराव करून घेतात. जुनी वर्तमानपत्रे आणि लग्नपत्रिकांचे कागद गावात भरपूर मिळतात, आणि त्यांसाठी पैसा लागत नाही.

आरशातील प्रतिमेचा सराव घरच्या आरशावर होतो. मुलगी वहीत अक्षर काढते, शेजारी आरसा उभा धरते, प्रतिमा पाहते आणि मग आरसा बाजूला ठेवून तीच प्रतिमा आठवणीने काढते. तिची आई स्वतः चौथीपर्यंत शिकलेली आहे. अंकगणितातील शेकडेवारी किंवा सरळव्याज आपल्याला शिकवता येणार नाही, हे ती मोकळेपणाने सांगते, पण आरशापुढे बसून मुलीचे उत्तर बरोबर आहे की नाही हे ती अचूक ताडते. पालकाचे शिक्षण कमी असले तरी मुलाच्या अभ्यासात त्याला खरी भूमिका असू शकते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आम्हांला चित्रीकरणात मिळाले नाही. निम्मी प्रश्नपत्रिका अशी आहे की जिच्यासाठी महागडी मार्गदर्शिका किंवा शिकवणीवर्ग अनिवार्य नाही, आणि ही गोष्ट गावोगावच्या पालकांपर्यंत गेली पाहिजे.

भाषेच्या चाचणीत उतारे वाचून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. वरवर पाहता हा भाग सोपा वाटतो. परंतु सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील कोकणा आणि वारली कुटुंबांत घरी बोलली जाते ती बोली उताऱ्यांतील प्रमाण मराठीहून बरीच वेगळी आहे. तेथील मुलांना उत्तर माहीत असते, पण प्रश्न समजायला वेळ लागतो आणि अर्ध्या तासात वीस प्रश्न सोडवताना तोच वेळ कमी पडतो. रोज एक पान मोठ्याने वाचून घेणे, हा त्यावर या शाळेने स्वीकारलेला मार्ग आहे. अंकगणितासाठी फळ्यावर रोज पाच उदाहरणे लिहिली जातात. नवोदय आणि शिष्यवृत्ती या दोन्ही परीक्षांना बुद्धिमत्तेचे प्रश्न असल्याने एका सराव तासात दोन्हींची तयारी होते.

उत्तरे मात्र यंत्राने तपासल्या जाणाऱ्या ओएमआर पत्रिकेवर नोंदवायची असतात. निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने गोल पूर्ण गडद करायचा असतो आणि एकदा केलेला गोल बदलता येत नाही. पहिली चार वर्षे पेन्सिल आणि खोडरबर वापरलेल्या मुलासाठी ही शिस्त नवी असते. शिक्षक कोऱ्या पत्रिकेच्या छायाप्रती काढून मुलांकडून केवळ गोल भरण्याचा सराव करून घेतात. पाहणाऱ्याला तो कंटाळवाणा वाटेल, पण क्रमांक एक ओळ सरकला तर सारी मेहनत वाया जाते, हे त्यांना ठाऊक आहे.

(दृश्य : द्राक्षबाग. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले मजूर, बांधावर बसलेली लहान मुले.)

या सगळ्या तयारीच्या ऐन मध्यावर नाशिकचा द्राक्ष हंगाम येतो. दिंडोरी आणि निफाडच्या बागांत ऑक्टोबर छाटणीपासून काम वाढत जाते, आणि पेठ, सुरगाण्याकडची कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी खाली उतरतात. लहान भावंडांना सांभाळायला पाचवीतली मुलगीच सोबत येते. परीक्षा हिवाळ्यात असते. 2025 मध्ये ती 18 जानेवारीला झाली होती. म्हणजे सरावाचे शेवटचे आणि सर्वांत मोलाचे आठवडे या मुली बागेच्या बांधावर काढतात. काही पालक आता मुलांना आजीआजोबांकडे गावातच ठेवून कामावर येतात, आणि त्यासाठी दर आठवड्याला गावी एक खेप मारतात. बागायतदारांनी मनावर घेतले तर मजुरांच्या मुलांसाठी संध्याकाळी एक दिवा आणि एक खोली देणे त्यांना मुळीच जड नाही.

(दृश्य : परीक्षा केंद्राचे फाटक. शनिवारची सकाळ.)

परीक्षा साडेअकरा ते दीड या वेळेत होते, आणि मुलांना त्याआधी बराच वेळ केंद्रावर पोहोचावे लागते. दूरच्या पाड्यांवरून पहाटेच्या एसटीने किंवा मिळेल त्या जीपने आलेली ही कुटुंबे आहेत. प्रवेशपत्र आणि पेन मुलाच्या हाती देऊन आईवडील फाटकाबाहेर थांबतात.

निकालानंतर निवड झालेल्या मुलांच्या कागदपत्रांची पडताळणी होते आणि ती खेडगावला राहायला जातात. उत्तरपत्रिकांची फेरतपासणी होत नाही, त्यामुळे बाकीच्यांपैकी बहुतेकांसाठी विषय तेथेच संपतो आणि ती मुले गावच्या शाळेत सहावीत बसतात. नववीच्या रिक्त जागांसाठी एक वेगळी निवड चाचणी असते, आदिवासी मुलांसाठी एकलव्य निवासी शाळांची प्रवेश परीक्षा असते, आणि सैनिकी शिक्षणाची ओढ असलेल्यांसाठी 1961 मध्ये सुरू झालेल्या सातारा सैनिक स्कूलसारख्या शाळांची अखिल भारतीय परीक्षा असते. मात्र सैनिक स्कूलचे वार्षिक शुल्क सर्वांना परवडणारे नाही.

(दृश्य : जून महिना. शाळेच्या कार्यालयात दाखल्यासाठी आलेले पालक.)

दुसरी पूर्ण झालेल्या मुलीचा दाखला मागायला ही आई आली आहे. नवऱ्याला अंबडला काम मिळाले असून सगळ्यांनी तेथे राहायला जायचे ठरले आहे. मुख्याध्यापक दाखला लिहायला घेण्यापूर्वी तिला समोर बसवतात आणि नवोदयचा नियम समजावून सांगतात. तिसरी ते पाचवी गावाकडच्या शाळांत पूर्ण झाली तर मुलीला ग्रामीण जागेसाठी अर्ज करता येईल, शहरातील शाळेत नाव घातले तर येणार नाही, आणि निर्णय सर्वस्वी तुमचा आहे, एवढेच ते सांगतात. आई विचारते, "सर, मग आजीजवळ ठेवली तर चालेल ना?" चालेल, पण पाचवी कोठे करायची तेही आजच ठरवू, असे म्हणून मुख्याध्यापक जवळच्या माध्यमिक शाळेचा क्रमांक एका कागदावर लिहून देतात. जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत, दुसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांशी हे पाच मिनिटांचे बोलणे व्हावे, अशी आमची शिक्षण विभागाकडे मागणी आहे. त्यासाठी नवा निधी लागत नाही आणि नवा शासन निर्णयही लागत नाही.